अपेक्षाभंगाचे मूल्य : ‘किड ए’विषयीचा वाद आणि आस्वादकाची स्मृती

१

२ ऑक्टोबर २००० रोजी ‘रेडिओहेड’ या इंग्लिश रॉक बँडचा ‘किड ए’ हा चौथा अल्बम इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला आणि या बँडच्या चाहत्यांत सरळ दोन तट पडले. एका तटाच्या मते रॉक संगीताच्या रूढ रूपबंधाला या अल्बमने निर्णायक छेद दिला होता. दुसऱ्या तटाच्या मते १९९७ च्या ‘ओके कम्प्युटर’ने जे कमावले होते ते एका हट्टापायी उधळून टाकण्यात आले होते. लोकप्रिय कलावंताने वाट बदलली की असे वाद झडतातच, आणि बहुधा ते काही महिन्यांत विरूनही जातात. ‘किड ए’विषयीचा वाद विरला नाही; तो मिटला असे आज मानले जाते, आणि तेही एका पक्षाचा निर्विवाद विजय झाला असे गृहीत धरून. प्रस्तुत लेखाचा रोख या गृहीतावर आहे.

साहित्यसमीक्षेच्या व्यासपीठावर हा विषय घेण्याचे कारण सांगितले पाहिजे. वाचककेंद्री समीक्षेचा परिचय मराठीत होऊन बराच काळ लोटला आहे. तथापि आपल्या चर्चेत येणारा ‘वाचक’ ही बहुतेक वेळा एक तार्किक रचना असते : अभिप्रेत वाचक, आदर्श वाचक, व्युत्पन्न वाचक. जो वाचक कलाकृतीवर मनापासून प्रेम करतो, तिची पूर्वपीठिका तोंडपाठ ठेवतो आणि नव्या कृतीपाशी येऊन दुखावला जातो, तो या सिद्धांतांत फारसा दिसत नाही. साहित्याच्या क्षेत्रात अशा वाचकाच्या प्रतिसादाची नोंदही क्वचितच राहते. लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात मात्र तो ‘चाहता’ या नावाने ठळकपणे वावरतो आणि त्याच्या भांडणाचे तपशील उपलब्ध असतात. म्हणून आस्वादप्रक्रियेविषयीचा एक सामान्य प्रश्न तपासायला हे उदाहरण सोयीचे आहे.

प्रतिपादन थोडक्यात असे : ‘किड ए’ नाकारणाऱ्या चाहत्यांचा नकार पुष्कळ अंशी त्यांच्या स्मृतीतून आला होता, त्या स्मृतीत या अल्बमविषयीचे खरे ज्ञान साठलेले होते, आणि ‘कालांतराने सर्वांना तो पटला’ या कथनात नेमके तेच ज्ञान गहाळ होते.

२

या बँडचे संगीत ज्यांच्या परिचयाचे नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. ऑक्सफर्डशरमधील एका शाळेत एकत्र शिकलेल्या पाच मित्रांचा हा बँड १९९२ मध्ये ‘क्रीप’ या गाण्याने पुढे आला. १९९५ चा ‘द बेंड्स’ आणि १९९७ चा ‘ओके कम्प्युटर’ या दोन अल्बमांनी त्याची प्रतिमा निश्चित केली. परस्परांत गुंतत जाणारी तीन गिटार, चढत जाऊन फुटणारी रचना आणि या सर्वांच्या वर तरंगणारा थॉम यॉर्क यांचा आर्त, उंच स्वर ही त्या प्रतिमेची मुख्य अंगे. ‘ओके कम्प्युटर’नंतरच्या प्रदीर्घ दौऱ्याने यॉर्क मानसिकदृष्ट्या खचले. गिटारप्रधान रॉकचा त्यांना वीट आला आणि ते एफेक्स ट्विन, ऑटेकर यांच्यासारख्यांच्या इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळले.

‘किड ए’चे ध्वनिमुद्रण नायजेल गॉडरिच यांच्या साहाय्याने पॅरिस, कोपनहेगन, ग्लॉस्टरशर आणि ऑक्सफर्ड येथे झाले. अल्बममधून एकही गाणे स्वतंत्र तबकडी म्हणून विक्रीस काढण्यात आले नाही. नेहमीच्या पद्धतीच्या चित्रफितींऐवजी काही सेकंदांच्या चलतचित्रांचे तुकडे तेवढे प्रसृत झाले. पुस्तिकेत गीतांचे शब्द छापलेले नव्हते. यॉर्क यांनी काही गीतांसाठी त्रिस्तान झारा या दादावादी कवीची जुनी युक्ती वापरली होती : सुट्या ओळी टोपीत टाकायच्या आणि हाताला येतील तशा उचलायच्या.

ऐकणाऱ्याला पहिला धक्का पहिल्याच गाण्यात बसतो. तेथे गिटारचा मागमूस नाही. सिंथेसायझरवरची एक आवर्तने घेणारी स्वरपंक्ती आहे, आणि यॉर्क यांच्या आवाजाचे तुकडे करून ते तिच्याभोवती विखुरले आहेत. दुसऱ्या, म्हणजे शीर्षकगीतात, हा आवाज आणखी दूर नेला आहे. यॉर्क यांनी शब्द नुसते उच्चारले. त्या उच्चारांना सूर मिळाला तो जॉनी ग्रीनवुड यांच्या ‘ओंद मार्तनो’ या वाद्याकडून. १९२८ मधले हे फ्रेंच विद्युत्‌वाद्य मेसियाँसारख्या संगीतकाराने आपल्या वाद्यवृंदरचनांत वापरले होते. येथे त्याने गायकाचा कंठच ताब्यात घेतला आहे. ज्या स्वरासाठी चाहते या बँडकडे येत होते तो स्वर समोर आहे, पण त्याचा मालक बदललेला आहे.

एवढ्यावरून विरोधकांची तक्रार समजणे सोपे वाटेल : त्यांना गिटार हवी होती, आर्त स्वर हवा होता, आणि तो मिळाला नाही. समर्थकांनी ही तक्रार बहुधा अशीच मांडली आणि तिची वासलात लावली. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे.

३

अल्बम प्रसिद्ध होण्यापूर्वी, २००० च्या उन्हाळ्यात, बँडने युरोपात व भूमध्यसागरी प्रदेशात कार्यक्रम केले आणि त्यांत नव्या गाण्यांपैकी बरीच गाणी सादर केली. श्रोत्यांनी त्यांचे मुद्रण केले आणि ‘नॅपस्टर’मार्फत ते जगभर पोहोचले. बासवादक कॉलिन ग्रीनवुड यांनी पुढे सांगितले की बार्सेलोनातील कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी सर्वत्र उपलब्ध झाला आणि तीन आठवड्यांनी बँड इस्राएलमध्ये गेला तेव्हा तेथील श्रोत्यांना नव्या गाण्यांचे शब्द पाठ होते. त्यांनी हे कौतुकाने सांगितले. समीक्षकाच्या दृष्टीने मात्र ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. हा अल्बम हाती आला तेव्हा कट्टर चाहता कोऱ्या मनाने तो ऐकत नव्हता. त्याच्यापाशी त्याच गाण्यांचा दुसरा पाठ होता.

‘पाठ’ हा शब्द येथे हेतुतः योजला आहे. हस्तलिखितांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी अभ्यासकाला पाठभेद म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. एखादा अभंग पिढ्यान्‌पिढ्या एका रूपात म्हणणाऱ्या वारकऱ्याला छापील गाथेतला वेगळा शब्द खटकतो. ते खटकणे अडाणीपणाचे लक्षण आहे असे कोणताही जबाबदार संपादक म्हणणार नाही. उलट, मौखिक परंपरेतला एक पुरावा म्हणून तो त्याची नोंद घेईल. ‘किड ए’च्या चाहत्यांकडे असाच पुरावा होता.

सर्वांत बोलके उदाहरण अल्बमच्या शेवटच्या गाण्याचे, ‘मोशन पिक्चर साउंडट्रॅक’चे आहे. हे गाणे बँडच्या अगदी सुरुवातीच्या काळातले. यॉर्क ते नव्वदच्या दशकात एकट्याने, साध्या गिटारवर गात असत आणि जुन्या चाहत्यांना ते त्या रूपात चांगले ठाऊक होते. अल्बममध्ये गिटार गेली आहे. तिच्या जागी पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन आला आहे, म्हणजे मराठी संगीत नाटकाच्या श्रोत्याच्या ओळखीच्या वाद्यकुळातला. त्यावर हार्पच्या स्वरांची झालर चढवून जुन्या चित्रपटसंगीताचा काहीसा खोटा, गोडसर थाट उभा केला आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या पाठातील तिसरे कडवे येथे नाही. ते गाळले आहे.

आता दोन श्रोते कल्पून पाहावेत. पहिल्याला जुना पाठ माहीत नाही. त्याला एक निरोपाचे, संथ, सुंदर गाणे ऐकू येते. ते दुसऱ्या कडव्यानंतर शब्दहीन स्वरांत विरघळते. दुसऱ्याला जुना पाठ माहीत आहे. जेथे शब्द थांबतात तेथे त्याच्या मनात पुढचे कडवे सुरू होते आणि ते त्याला मिळत नाही. पहिल्यासाठी तो शेवट आहे. दुसऱ्यासाठी ती रिकामी केलेली जागा आहे. संपूर्ण अल्बम ज्या अनुभवाभोवती फिरतो तो म्हणजे स्वतःच्या आवाजातून, स्वतःच्या उपस्थितीतून नाहीसे होण्याचा. हा अनुभव या दुसऱ्या श्रोत्याला अधिक तीव्रतेने मिळतो, आणि अपेक्षाभंग होतो तोही याच श्रोत्याचा. थोडक्यात, या गाण्याचा सर्वांत परिपूर्ण श्रोता आणि सर्वांत नाराज श्रोता ही एकच व्यक्ती असणे शक्य आहे. या शक्यतेला सामावून घेणारी आस्वादमीमांसा आपल्याकडे आहे का, असा प्रश्न येथे उभा राहतो.

४

अभिनवगुप्ताच्या विवेचनात सहृदयाची जी कल्पना आहे तिचा आधार अनुशीलन हा आहे. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि म्हणून वर्ण्य विषयाशी जो तन्मय होऊ शकतो तो सहृदय. पूर्वाभ्यास हा येथे आस्वादाचा साधक आहे. दुसरीकडे, रसप्रतीतीत येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा करताना अभिनवगुप्त आस्वादकाच्या स्वतःच्या सुखदुःखाने व्याप्त होण्याचाही समावेश विघ्नांत करतो. प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गुरफटला असेल तर त्याचे चित्त विषयावर ठरत नाही.

चाहता या दोन कल्पनांच्या सीमेवर उभा आहे. त्याचे अनुशीलन कोणत्याही पंडिताला लाजवील इतके सूक्ष्म असते. पण ते एकाच कलावंताच्या कृतींचे असते आणि त्याच्या खासगी आयुष्यात मिसळलेले असते. ‘ओके कम्प्युटर’ त्याने कोणत्या वर्षी, कोणत्या अवस्थेत ऐकला हे त्या अल्बमच्या अर्थाचा भाग होऊन बसलेले असते. नव्या कृतीपाशी तो येतो तेव्हा त्याचे अनुशीलन आणि त्याचे निजसुख यांची फारकत करता येत नाही. जे साधक तेच विघ्न होते. संस्कृत काव्यशास्त्रात हा प्रसंग फारसा उद्भवत नाही, कारण तेथे अनुशीलन समग्र काव्यपरंपरेचे आहे. एका कवीच्या पुढच्या काव्याची वर्षानुवर्षे वाट पाहणारा रसिक तेथे गृहीत नाही. आधुनिक प्रकाशनव्यवस्थेने, आणि तिच्याहूनही ध्वनिमुद्रणाने, असा रसिक निर्माण केला आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा पेच केवळ चाहत्यांचा नव्हता. ‘ओके कम्प्युटर’च्या गुंतागुंतीनंतर आपण छोटी, सुरेल, गिटारवरची गाणी करू अशी गिटारवादक एड ओब्रायन यांची अपेक्षा होती. यॉर्क यांना त्यात तिळमात्र रस नव्हता. ज्या गाण्यात आपल्या वाद्याला जागाच नाही त्यात आपण काय करायचे, हा प्रश्न बँडमधल्या वादकांपुढे खरोखरच उभा राहिला होता. ‘ट्रीफिंगर्स’ या शब्दविरहित रचनेत त्याचे एक विलक्षण उत्तर सापडते. ऐकताना ती पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक वाटते. धुक्यासारखे पसरणारे लांब स्वर, ताल नाही, चाल नाही. प्रत्यक्षात तिची सामग्री ओब्रायन यांच्या गिटारचीच आहे. यॉर्क यांनी ते ध्वनी संगणकावर ओळखू येणार नाहीत इतके बदलले. या अल्बममध्ये गिटार नाही असे विरोधक म्हणत होते, आणि ज्या रचनेकडे ते पुरावा म्हणून बोट दाखवू शकले असते ती गिटारचीच होती. परंतु यावरून विरोधक खोटे पडतात असे नाही. गिटार ‘असणे’ आणि गिटार ‘ऐकू येणे’ यांतील फरक त्यांनी बरोबर ओळखला होता. तो फरक हाच या रचनेचा आशय आहे.

५

अल्बमवर झालेल्या लिखित टीकेत दोन प्रतिक्रिया विशेष उल्लेखनीय आहेत. ‘मेलडी मेकर’ या लंडनच्या साप्ताहिकात मार्क बोमाँट यांनी अल्बमला पाचपैकी दीड गुण दिले. त्यांचा मुख्य आक्षेप आत्ममग्नतेचा होता. ते साप्ताहिक त्याच वर्षाच्या अखेरीस बंद पडले. बोमाँट यांनी मात्र दहा वर्षांनंतर लिहितानाही आपले मत सोडले नाही. दुसरी प्रतिक्रिया कादंबरीकार निक हॉर्नबी यांची, ‘द न्यू यॉर्कर’मधली. तिचा आशय असा की अशा अल्बमला शरण जाण्यासाठी लागणारी सवड आणि निष्ठा किशोरवयीन श्रोत्यापाशी असते. नोकरी करून रोजचा संसार चालवणाऱ्या माणसाला रात्रीमागून रात्री एका अल्बमवर खर्च करणे परवडत नाही.

हॉर्नबी यांच्या या मुद्द्याची समर्थकांनी भरपूर टिंगल केली. पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुर्बोध कलाकृती ही आस्वादकाकडून श्रम मागते, आणि श्रमाला वेळ लागतो. तो वेळ समाजात सारखा वाटलेला नाही. कलाकृतीचा कठीणपणा हे आपोआप तिचे मूल्य ठरत नाही. तो एक खर्च आहे आणि त्या खर्चाच्या बदल्यात काय मिळते हे समीक्षेने दाखवून द्यावे लागते. ‘नीट ऐका, म्हणजे कळेल’ हे उत्तर नव्हे. ते उत्तर पुढे ढकलणे आहे.

समर्थकांपाशी सैद्धांतिक शस्त्र अर्थातच तयार होते. आडोर्नो यांनी १९३८ च्या निबंधात श्रवणाच्या प्रतिगमनाची जी मीमांसा केली ती त्यांना सहज वापरता येत होती : बाजाराने घडवलेला श्रोता ओळखीचे तेच पुन्हा मागतो, आणि ओळखणे म्हणजेच आवडणे असे त्याला वाटू लागते. गिटार मागणारा चाहता या वर्णनात बसतो हे खरे. पण गाळलेले कडवे ओळखणारा चाहता बसत नाही. प्रतिगामी श्रोता तुकड्यांत ऐकतो आणि समग्र रचना विसरतो असे आडोर्नो यांचे म्हणणे. येथे तर श्रोता एका रचनेची दोन रूपे शेजारी ठेवून फरक दाखवीत होता. हे विश्लेषक श्रवणाचेच लक्षण आहे. शिवाय बाजाराच्या युक्तिवादालाही या प्रकरणात मर्यादा आहेत. एकही गाणे सुटे न काढता हा अल्बम इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या. बाजाराला नकार देण्याची भूमिका बाजारात उत्तम चालली. यात बँडचा दांभिकपणा शोधण्याचे कारण नाही. मात्र समर्थकांनी स्वतःला बाजाराबाहेरचे मानण्याचेही कारण नाही.

दोन्ही पक्षांची उणीव एकच होती. दोघेही ‘बँड’ या संस्थेविषयी बोलत राहिले. त्याने प्रगती केली की प्रतारणा, एवढ्यापुरते. गाण्यांच्या पातळीवर उतरून पाहिले तर निर्णय सरसकट देता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ‘इडिओटेक’ ही रचना नव्या मार्गाचे पूर्ण समर्थन करते. तिचा पाया असलेली चार स्वरसंघातांची मालिका पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या १९७३ मधील संगणकनिर्मित रचनेतून घेतलेली आहे. त्या रचनेचे नाव वाग्नरच्या ‘त्रिस्तान’मधील इझोल्डेच्या अंतिम गानाच्या आरंभीच्या शब्दांवरून आलेले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील मृत्यूगीताचे नाव, विसाव्या शतकातील प्रयोगशाळेचा ध्वनी आणि नाचघरातला यांत्रिक ताल असे तीन थर एकावर एक बसतात; आणि त्यांच्या मधोमध यॉर्क यांचा स्वर पूर्वीपेक्षाही उघडा, भयग्रस्त ऐकू येतो. येथे तंत्राने स्वर झाकला नाही; त्याला नवे निमित्त दिले. याउलट, काही ठिकाणी पोत हाच आशय होऊन बसतो आणि रचना आपल्या वातावरणापलीकडे सरकत नाही, हा विरोधकांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही.

६

आता मूळ गृहीताकडे वळू. अल्बमला २००१ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २००९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने आणि ‘पिचफोर्क’नेही त्याला त्या दशकातील सर्वश्रेष्ठ अल्बमचे स्थान दिले. हा प्रवास सांगताना एक कथन हमखास वापरले जाते : अल्बम काळाच्या पुढे होता, श्रोते मागे होते, हळूहळू ते त्याच्यापर्यंत पोहोचले.

या कथनाला हान्स रॉबर्ट याउस यांच्या सिद्धांताचा उत्तम पाठिंबा मिळतो. १९६७ च्या कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानात त्यांनी मांडलेली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची कल्पना आपल्या परिचयाची आहे. नवी कृती आणि प्रचलित क्षितिज यांतील अंतर जितके जास्त, तितका पहिला प्रतिसाद प्रतिकूल. पुढे क्षितिज बदलते आणि ते अंतर पुसले जाते. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ आणि त्याच सुमारास आलेली फेदोची ‘फानी’ हे त्यांचे उदाहरण. फेदोच्या कादंबरीच्या वर्षभरात तेरा आवृत्त्या निघाल्या असे याउस नोंदवतात. आज ती विस्मृतीत आहे आणि फ्लोबेर जागतिक वाङ्मयात आहे.

या मांडणीत एक उणीव आहे आणि ‘किड ए’च्या निमित्ताने ती स्पष्ट दिसते. क्षितिज बदलले असे आपण म्हणतो तेव्हा कोणाचे बदलले? दुखावलेला चाहता बऱ्याच वेळा मत बदलत नाही. तो निघून जातो. दहा वर्षांनी दशकातील श्रेष्ठ अल्बम निवडण्यासाठी जे लेखक बसतात त्यांत तो नसतो. जे राहिले त्यांनी इतिहास लिहिला. आणि राहिलेल्यांचे एकमत हे सर्वांचे परिवर्तन म्हणून सांगितले गेले. काळाने निवाडा दिला असे म्हणणे म्हणजे उरलेल्या साक्षीदारांच्या जबानीला निवाडा म्हणणे होय. याउस यांच्या मांडणीत पहिला नकार ही भावी स्वीकाराची प्रस्तावना ठरते. स्वतंत्र पुरावा म्हणून त्याला स्थान मिळत नाही. बोमाँट यांचा कायम राहिलेला नकार या मांडणीत कोठे ठेवायचा? त्यांना मागासलेले ठरवणे हा एकच मार्ग उरतो.

गंमत अशी की खुद्द बँडने हे एकमत पुरते मानलेले दिसत नाही. जून २००१ मध्ये आलेल्या ‘अम्नीझिॲक’ या अल्बममध्ये, जो बहुतांशी त्याच मुद्रणसत्रांतून निघाला, ‘मॉर्निंग बेल’ हे ‘किड ए’मधील गाणे वेगळ्या रूपात पुन्हा दिले गेले. जणू संपादकाने पाठभेद तळटीपेत न टाकता शेजारच्या पानावर छापला. ‘ट्रू लव्ह वेट्स’ हे गाणे चाहत्यांना १९९५ पासून गिटारवरच्या रूपात माहीत होते. तेही तसेच थेट कार्यक्रमातल्या मुद्रणातून २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०१६ मध्ये ‘अ मून शेप्ड पूल’ या अल्बमच्या शेवटी केवळ पियानोंच्या स्वरांत, संथ आणि विझत आलेल्या रूपात पुन्हा अवतरले. २०२१ मध्ये ‘किड ए’ आणि ‘अम्नीझिॲक’ एकत्रितपणे पुनःप्रकाशित झाले तेव्हा त्यांसोबत ‘फॉलो मी अराउंड’ हे गाणे आले. जुन्या कार्यक्रमांतून आणि बँडवरील माहितीपटातून चाहत्यांनी ते दोन दशके जपून ठेवले होते. एका कृतीचा एकच अधिकृत पाठ असतो ही कल्पना अशा रीतीने निर्मात्यांनीच सैल केली. चाहत्यांच्या स्मृतीत जे होते ते खोटे नव्हते, अशी ही उशिरा मिळालेली कबुली आहे.

७

मराठीच्या अभ्यासकाला या सर्वांत एक जुना प्रतिध्वनी ऐकू आल्यावाचून राहणार नाही. १९४७ मध्ये मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्यानंतर दुर्बोधतेचा जो वाद पेटला तो आपण विद्यार्थ्यांना कसा शिकवतो? बहुधा विजयकथा म्हणून. जुनी अभिरुची अंध होती, नवकवितेने तिचे डोळे उघडले. मर्ढेकरांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण त्यांच्या पहिल्या वाचकांपैकी जे बिथरले ते सगळेच अरसिक नव्हते. त्यांच्यातल्या कित्येकांच्या कानांत ओवी-अभंगांच्या लयी जन्मभर मुरलेल्या होत्या. त्या छंदांत गिरण्या, पिंप आणि उंदीर येताना पाहून त्यांना जो धक्का बसला तो त्या छंदांची पूर्वस्मृती नसलेल्या आजच्या विद्यार्थ्याला बसूच शकत नाही. आजचा विद्यार्थी त्या कवितेचे कौतुक करतो. तिच्यातला आघात मात्र त्याला तळटीपेतून समजून घ्यावा लागतो. तो आघात ज्यांनी प्रत्यक्ष सोसला त्यांचे आक्षेप हेच त्याचे सर्वांत विश्वसनीय वर्णन आहे.

यावरून पद्धतीविषयी एक निष्कर्ष काढता येतो. एखाद्या वादग्रस्त कृतीच्या स्वीकाराचा इतिहास लिहिताना नकाराचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एक नकार कृतीपर्यंत पोहोचतच नाही. तो सवयीचा असतो आणि कोणत्याही नव्या कृतीला सारखाच लागू पडतो. दुसरा नकार नेमका असतो. काय गेले, कोठून गेले, कोणते कडवे गाळले गेले हे तो सांगू शकतो. पहिल्याची उपेक्षा करता येईल. दुसरा हा समीक्षेचाच एक प्रकार आहे. त्याचा निष्कर्ष आपण नाकारू, पण त्याची निरीक्षणे नाकारता येत नाहीत, कारण कृतीने आपल्या पूर्वपरंपरेशी काय केले याची नोंद तेथेच झालेली असते.

‘किड ए’ हा आपल्या काळातील एक महत्त्वाचा अल्बम आहे, असे प्रस्तुत लेखकाचेही मत आहे. मात्र ज्यांना तो सुरुवातीपासून निर्वेध आवडला त्यांच्या साक्षीवरून त्याचे महत्त्व पुरते कळत नाही. ‘मोशन पिक्चर साउंडट्रॅक’च्या दुसऱ्या कडव्यानंतर जी शांतता येते ती किती मोठी आहे, हे ज्याच्या ओठांवर तिसरे कडवे येऊन थांबले त्यालाच विचारावे लागेल.